तेलाचा डबा किती दिवस पुरतो? नौपाड्यातील एका आहारसल्ला केंद्राचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील एका आहारतज्ज्ञ बाईंच्या केंद्रात मी जून २०२४ ते एप्रिल २०२५ असे दहा महिने नियमित जात होतो. शेवटची फी भरल्यावर लगेच अभिप्राय लिहिण्याचा मोह आवरला, कारण वजन उतरवणाऱ्या सेवेची खरी परीक्षा फी बंद झाल्यावर सुरू होते. आता त्यालाही चार महिने उलटून गेले आहेत. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारीही येणार आहेत आणि त्यावर बाजू मांडायला त्या येथे हजर नाहीत. असे केंद्र शोधणाऱ्याने तेथे काय पाहावे आणि काय विचारावे, एवढे या लेखातून कळले तरी पुरे.

आधी माझी स्थिती सांगतो. वय ५२, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ८६.४ किलो, कंबर १०४ सेंटीमीटर. बॉडी मास इंडेक्स ३०.६ येत होता. आपल्याकडील डॉक्टर भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, तर पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. म्हणजे मी सर्वच रेषा केव्हाच ओलांडल्या होत्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ होता. तो ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला की मधुमेहाचा उंबरठा समजतात. रक्तदाबाची गोळी चालू होती.

त्यापूर्वी घोडबंदर रस्त्यावरील एका केंद्रात मी २८,००० रुपये भरून तीन महिन्यांचे 'पॅकेज' घेतले होते. सकाळी पावडरीचे पेय, दुपारी सूप, रात्री काकडी आणि दोन उकडलेली अंडी. अकरा किलो वजन उतरले, कार्यालयात कौतुक झाले, मुलीने जुन्या शर्टांचे गाठोडे बांधून देऊनही टाकले. पुढच्या चौदा महिन्यांत तेरा किलो परत आले आणि शर्ट मात्र नवे घ्यावे लागले. त्या काळात उतरलेले सारे वजन चरबीचे नव्हते, त्यात स्नायूंचाही मोठा वाटा असणार, हे मला नौपाड्यात आल्यावर समजले.

येथील पहिली भेट सत्तर मिनिटे चालली. बाईंनी वजन सर्वांत शेवटी केले. त्यांनी आधी माझा एक साधा मंगळवार मिनिटामिनिटाने विचारून घेतला: ठाण्याहून कितीची फास्ट लोकल, बसायला जागा मिळते का, डबा किती वाजता उघडतो, चार वाजता फोर्टमधल्या कार्यालयात काय खाणे होते, घरी किती वाजता पोहोचतो, जेवायला किती वाजता बसतो. दिवसाचे पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर हे मी सहज सांगून गेलो. त्यांनी कागदावर पन्नास ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी, असे लिहून कागद माझ्याकडे फिरवला. मग त्यांनी विचारले, "घरी तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो?" मला ठाऊक नव्हते. तेथूनच पत्नीला फोन केला. चार माणसांच्या घरात सव्वीस दिवस, असे उत्तर आले आणि पाठोपाठ, "अहो, हे आता कशाला हवंय?" असा प्रश्नही आला.

त्या फोनपासूनच या केंद्राविषयी माझा विश्वास बसला. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसे आणि सव्वीस दिवस असा भागाकार केला की दरमाणशी दिवसाला सुमारे ४४ ग्रॅम तेल पडते. एका ग्रॅममागे नऊ कॅलरी धरल्या तर हे जवळजवळ चारशे कॅलरी झाले, आणि तेही बाहेरचा वडापाव न मोजता. भाकरी की पोळी, भात सोडावा की नाही, यावर आमच्या घरी वर्षानुवर्षे वाद घातले गेले. फोडणीत डावाने तेल ओतले जाते याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. बाईंनी भात बंद केला नाही. पातेल्यातून थेट ताटात वाढण्याऐवजी तो वाटीने मोजून घ्यायला सांगितला, आणि फोडणीसाठी डावाच्या जागी चहाचा चमचा वापरायला सांगितले. दुसऱ्या भेटीला त्यांनी पत्नीलाही बोलावले होते. "वजन तुमचं, मी कशाला येऊ?" असे म्हणून तिने नकार दिला; शेवटी भाज्यांना फोडणी घालण्याचे काम मीच अंगावर घेतले. पहिल्या आठवड्यातील फरसबी माझ्या मुलांच्या कायमची स्मरणात राहील.

'चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंदावते' हे माझे ठेवणीतले कारण मी तेथेही पुढे केले. त्यावर त्यांनी २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. एकोणतीस देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून त्यात असे दिसले होते की शरीराचे आकारमान आणि त्यातील स्नायू-चरबीचे प्रमाण लक्षात घेतले, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो. बदलतात त्या भोवतालच्या गोष्टी. स्नायू झिजतात, बढती मिळून खुर्चीवरचे तास वाढतात, झोप कमी होते आणि रात्रीचे जेवण दहावर जाते. हे ऐकून मला दिलासा वाटला असे म्हणता येणार नाही, कारण हाताशी असलेली एक चांगली सबब गेली.

आहाराचा आराखडा त्यांनी राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांवर बेतला होता. ताटाचा निम्मा भाग भाज्या, पालेभाज्या आणि फळांचा, उरलेल्यात धान्य, डाळी, दूधदुभते. मात्र त्यांनी तो आमच्या ताटाच्या भाषेत उतरवला, आणि हीच या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. सकाळी पोहे चालतील, पण पोह्यांइतकीच मोड आलेली मटकी त्यात हवी. रात्री दोनऐवजी एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी उसळ, कोशिंबीर आणि ताक. रविवारची सुरमई तळण्याऐवजी कालवणात. चार वाजता डब्यातून नेलेले फुटाणे आणि एक फळ. प्रत्येक जेवणात प्रथिने कोठून येणार, हे मला त्यांना आधी सांगावे लागे. या वयात वजन उतरवताना प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर मांसही जाते, हे त्या प्रत्येक भेटीत सांगत.

उपवासाचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र थोडी अडचण झाली. आमच्या घरी महिन्यातून दोन एकादश्या आणि एक संकष्टी पाळली जाते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्यासाठीच रचली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. अशी भरलेली ताटली ही उपवासाची चेष्टाच म्हणायची. बाईंनी उपवास सोडायला सांगितले नाही. वाटीभर भगर, दाण्याची आमटी मोजून, दही आणि एखादे रताळे, असा पर्याय दिला. आईला तो पटला, कारण तिच्या लहानपणी उपवासाला साबुदाण्यापेक्षा भगरच अधिक होत असे.

व्यायामासाठी त्यांनी जिमचा आग्रह धरला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. तेवढे जमवायचे, एवढेच ठरले. पाचपाखाडीतील कचराळी तलावाभोवती आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे, आणि घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर जोर, रबरी पट्टा ओढणे. पावसाळ्यात चालणे कोलमडले, जुलैत वजन हलले नाही. त्यांनी तलावाऐवजी इमारतीचे जिने सांगितले. पाचव्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी दोनदा दार उघडून चौकशी केली, तेव्हा मी तोही प्रकार सोडून थेट गॅलरीत जागच्या जागी चालू लागलो.

दिवाळीत १.६ किलो वाढले. त्याबद्दल ओरडा बसला नाही. फराळ चार दिवस, ताटलीत घेऊन, आणि डबे रिकामे होईपर्यंत नव्हे, एवढाच नियम पुढच्या वर्षासाठी ठरला. जानेवारी ते मार्च वजन ७९ च्या आसपास अडून राहिले. मी अस्वस्थ होऊन जेवण आणखी कमी करू का असे विचारले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला आणि हे तीन महिने वजन धरून ठेवण्याच्या सरावाचे समजा असे सांगितले. आठवड्याला अर्धा किलो हा उतरण्याचा सुरक्षित वेग मानला जातो; माझा वेग सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. पहिल्या केंद्रात असे झाले असते तर दुसरे पॅकेज गळ्यात पडले असते.

त्याच मार्चमध्ये वजन उतरवणारे मोंजारो इंजेक्शन भारतात आले आणि कार्यालयात दुसरा विषय उरला नाही. मीही विचारले. त्यांनी त्याची निंदा केली नाही की शिफारसही केली नाही. हा निर्णय डॉक्टरांचा आहे असे सांगून माझ्या फिजिशियनकडे पाठवले. याच प्रकारच्या एका औषधाच्या अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आले होते, हे मात्र त्यांनी आवर्जून सांगितले. फिजिशियननी मला तूर्त गरज नाही असे सांगितले आणि रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी केली.

आता तक्रारी. केंद्रात पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले एक यंत्र आहे. ते चरबी, स्नायू आणि 'शरीराचे वय' सांगते. अशी यंत्रे शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, त्यामुळे पाणी पिऊन गेले की आकडे बदलतात. बाई स्वतः म्हणत की त्याकडे फार पाहू नका, तरीही दर वेळी त्याचे ३०० रुपये वेगळे लावले जात. सहा वेळा दिल्यावर मी नकार दिला. त्याने काहीही बिघडले नाही. स्वागतकक्षात प्रथिनांच्या पावडरीचे डबे मांडलेले आहेत. बाईंनी ते कधी घ्यायला सांगितले नाहीत, पण बाहेर बसलेली मुलगी "काका, याने रिझल्ट लवकर येतो" असे प्रत्येक भेटीला सांगते, आणि सल्ला देणाऱ्याच्या दारात विक्री चालावी हे मला खटकते. ऑगस्टमध्ये बाई रजेवर असताना सहायिकेने छापील तक्ता हातात दिला. त्यात ओट्स, क्विनोआ आणि ॲव्होकाडो होते. माझा मंगळवार त्यात कोठेच नव्हता. शिवाय सारे लिखित साहित्य इंग्रजीत आहे. नौपाड्यात, जेथे रुग्णांपैकी बहुतेक मराठी बोलतात आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती अनेकदा रुग्णाची आई असते, तेथे हे अक्षम्य आहे. आईसाठी मी प्रत्येक कागद मराठीत उतरवून काढला.

खर्चाचा हिशेब असा: पहिली भेट १,५०० रुपये, त्यानंतरच्या सोळा भेटी प्रत्येकी ७००, आणि यंत्राचे १,८००, एकूण १४,५००. रक्ततपासण्या वेगळ्या. आधीच्या पॅकेजच्या जवळपास निम्म्या पैशांत तिप्पट काळ.

एप्रिलमध्ये शेवटच्या भेटीला वजन ७७.९ होते आणि कंबर ९४. मागच्या रविवारी घरच्या काट्यावर ७८.६ भरले. एचबीएवनसी ५.७ वर आहे, म्हणजे उंबरठ्यावरून पुरता उतरलेलो नाही, आणि बॉडी मास इंडेक्स अजूनही २७ च्या पुढे आहे. तेलाचा डबा मात्र आता चाळीस-एक्केचाळीस दिवस जातो. पत्नी झाकणावर तो उघडल्याची तारीख मार्करने लिहिते, आणि ही कल्पना तिचीच होती असे पाहुण्यांना सांगते.

ज्यांच्या घरी दोन महिन्यांवर लग्न आहे आणि त्यासाठी दहा किलो उतरवायचे आहेत, त्यांनी येथे जाऊ नये. बाई त्यांना परतच पाठवतात. जे जातील त्यांनी आहारतज्ज्ञ नोंदणीकृत आहेत का हे कोठेही आधी विचारावे आणि मागील दोन वर्षांचे रक्ताचे अहवाल बरोबर न्यावेत. शनिवार टाळावा, त्या दिवशी ठरलेल्या वेळेनंतरही पाऊण तास बसावे लागते. गुरुवारी सकाळी गर्दी नसते. गाडी नेऊ नये. तेथे ती लावायला जागा मिळत नाही, आणि स्टेशनवरून पायी जेमतेम दहा-बारा मिनिटे लागतात.