रॉक चकर प्रेस: वर्षभर मनापासून वापरली, पण भारतात नेत नाहीये, का ते वाचा

गेल्या थंडीपासून आरसीबीएस कंपनीची रॉक चकर सुप्रीम, म्हणजे वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायची हाताची प्रेस, वापरतोय, ३०८ विन्चेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी. प्रेसबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तक्रारीला जागा नाही. बिडाची, जड, सिंगल स्टेज, म्हणजे हँडल एकदा खाली आलं की एकच काम होतं. पुंगळीला (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) ल्यूब, म्हणजे वंगण, लावून साइझिंग डायमध्ये (तिला मूळ मापावर आणणारा साचा) घातली की मधे चांगला जोर लागतो पण फ्रेम तसूभर हलत नाही, बाक नीट बोल्ट केलेलं हवं एवढंच. डायचे आटे ७/८-१४ म्हणजे सगळीकडे चालतात तेच, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या डाय पण बसतात. प्रायमर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी बुडातली टोपी, मी हातातल्या टूलनेच बसवतो, कारण तो खाली टेकला की नाही हे बोटांना कळतं, नंतर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवून बघायचं, प्रायमर किंचित आतच हवा, वर आलेला अजिबात चालत नाही. दुकानातल्या काडतुसापेक्षा माझा ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, लहान येतो आणि इथे ओहायोत कॅम्प पेरीसारखं नेमबाजीचं ठिकाण असल्यावर हा नाद लागतोच.

पण हे लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. एक तर कॅनडातल्या मिसिसागाचा माझा मित्र म्हणाला तुझ्या जास्तीच्या पुंगळ्या पाठव की कुरियरने, आणि दुसरं म्हणजे आम्ही सगळं आवरून पुण्याला परत चाललोय, तर प्रेसचं काय करायचं. दोन्हीसाठी कायदे वाचत बसलो आणि जे हाती लागलं ते आपल्या लोकांना माहीत असायलाच हवं असं मला फार वाटतं.

मित्राचं आधी. पितळेची रिकामी पुंगळी, त्यात दारू नाही, प्रायमर नाही, भंगारच की, असं कुणालाही वाटेल. पण अमेरिकेचा १९६८ चा गन कंट्रोल ऍक्ट पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर (बंदुकीची दारू) यातल्या प्रत्येकाला ऍम्युनिशन, म्हणजे दारूगोळाच म्हणतो. अमेरिका खंडातल्या देशांचा १९९७ चा शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार आहे, त्यातही हेच. बाहेर पाठवायचं तर आधी बरंचसं परराष्ट्र खात्याकडे होतं, ९ मार्च २०२० पासून नेहमीच्या काडतुसांचा आणि त्यांच्या भागांचा कारभार कॉमर्स खात्याकडे आला, तिथे तो ०ए५०५ या नंबरखाली येतो. त्यामुळे सोपं झालं असा समज आहे, पण कॅनडासाठी सुद्धा लायसन्सचा प्रश्न येतोच. शिवाय एरवी २५०० डॉलरपर्यंतच्या मालाला, आणि कॅनडाला तर बहुतेक वेळा, एक्स्पोर्टचं इलेक्ट्रॉनिक डिक्लेरेशन भरावं लागत नाही, इथे मात्र किंमत कितीही कमी असो आणि देश कुठलाही असो, भरावंच लागतं. हे सगळं एका पिशवीभर पितळेसाठी करण्यापेक्षा मित्राने तिकडेच घेतलेलं बरं, मी त्याला तेच सांगितलं, त्यालाही पटलं.

प्रायमर आणि पावडरचा तर विषयच काढू नका. प्रायमरच्या खोक्यावर १.४एस चा, म्हणजे स्फोटकाच्या खुणेचा, केशरी चौकोन असतो, यूएन ००४४, तो शोभेला नाही. अमेरिकन पोस्टाने दोन्ही पाठवता येत नाहीत, देशात नाही आणि बाहेरही नाही. विमानात तयार काडतुसं चेक-इन बॅगेत एअरलाइनच्या परवानगीने, नीट पॅक करून, ठरलेल्या वजनात नेता येतात, त्यावरून लोक धरून चालतात की पावडरचा छोटा डबा पण चालेल. नाही चालत. पावडर, प्रायमर दोन्ही केबिनमध्येही बंद आणि खालच्या बॅगेतही बंद.

आता भारत, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला. अमेरिकेच्या एक्स्पोर्टच्या नियमात काडतुसं बनवायच्या मशिनरीची वेगळी कॅटेगरी आहे, ०बी५०५, आणि त्यातून हाताने लोडिंग करायची साधनं स्पष्ट वगळली आहेत. म्हणजे माझ्या प्रेसला त्या यादीतली अडचण नाही. हे वाचून मी खुश झालो होतो. मग आपला आर्म्स ऍक्ट १९५९ उघडला, कलम २, व्याख्या. तिथे दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तर आहेतच, पण दारूगोळा बनवायची मशिनरी सुद्धा त्याच व्याख्येत आहे! म्हणजे मुंबई बंदरात कंटेनर उघडला की ही बिडाची प्रेस कायद्याच्या दृष्टीने हत्यार विभागाची वस्तू ठरू शकते, एकही गोळी बरोबर नसताना. आणायला कलम १० खाली परवाना, घरी काडतूस भरणं म्हणजे उत्पादन, त्याला कलम ५, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाल्यात. पावडर-प्रायमर म्हटलं की एक्स्प्लोझिव्ह्ज ऍक्ट १८८४ आणि २००८ चे रूल्स वेगळे, ते बघणाऱ्या पेसोचं (स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. २०१६ च्या बॅगेज रूल्समध्ये, म्हणजे प्रवाशाच्या सामानाच्या कस्टमच्या नियमांत, "५० पेक्षा जास्त काडतुसं" असा उल्लेख होता, तो वाचून लोक म्हणतात पन्नासपर्यंत चालतात. अहो, ती ड्युटी-फ्री सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची यादी होती, कस्टम ड्युटी एक आणि आर्म्स ऍक्टचा परवाना दुसरा, एकातून सुटलात म्हणजे दुसऱ्यातून सुटलात असं होत नाही.

पॅकर्सचा जो माणूस घरी सामान बघायला आला होता तो सहज म्हणाला, सर यादीत वर्कशॉप टूल्स लिहून टाकू, कोण बघतंय. मला राग आला. सही माझी, पासपोर्ट माझा, आणि उद्या कस्टमने विचारलं तर उत्तर मी द्यायचं, हा तेव्हा फोन पण उचलणार नाही. असा सल्ला कुणी दिला तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

आणि रेंजची बॅग घेऊन कृपया भारतात जाऊ नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस एअरपोर्टवर सापडलं, सीआयएसएफने पोलिसांना दिलं आणि आर्म्स ऍक्टच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदला, अशा बातम्या आपल्याकडे सारख्या येतात. जाणीवपूर्वक ताबा होता की नाही हे कोर्ट बघतं, सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल केसमध्ये ते सांगितलंय आणि हायकोर्टं त्या मुद्द्यावर गुन्हे रद्दही करतात, पण तोपर्यंत फ्लाइट गेली, सुट्टी गेली, वकील लागला.

एच-१बी वर असलेल्या मुलांनी तर प्रेस मागवायच्याही आधी थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि ऍम्युनिशन दोन्ही बाळगायला बंदी आहे, अपवाद आहेत, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा, आणि वर सांगितलं तसं प्रायमर आणि पावडर म्हणजे ऍम्युनिशनच. ग्रीन कार्डवाल्याचं बघून तसंच करायला जाल तर फेडरल गुन्हा होईल, करिअर आणि व्हिसा दोन्ही जातील.

माझं म्हणाल तर प्रेस, डाय आणि पितळ क्लबमधल्या एका सिनियर मेंबरला देतोय, उरलेली पावडर आणि प्रायमर पण मूळ डब्यांतच त्यांच्याकडे जातील, ते याच राज्यात राहतात त्यामुळे सरहद्दीचा प्रश्नच नाही. कॅलिपर आणि डिजिटल काटा मात्र कंटेनरमध्ये घालतोय, ते कुठल्याही वर्कशॉपचं सामान आहे, फक्त काट्याचा ट्रे आणि फटी आधी स्वच्छ पुसून घेतोय, पावडरचा एक दाणा पण त्यात राहायला नको.