किनारा सफाईचं तयार किट: घ्यावं की बेळगावच्या रविवार पेठेत जुळवावं?

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई होते. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्याकडेही रुजलाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळं चोर्ला घाटाने गोव्याला नाहीतर आंबोलीवरून वेंगुर्ल्याला उतरतात, आणि त्याआधी कुणीतरी ऑनलाइन ‘बीच क्लीनअप किट’ मागवतं. खोक्यात बहुतेक वेळा हेच निघतं: चिमटा, पातळ हातमोजे, काळ्या कचरा पिशव्यांचा रोल, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट.

मत आधीच सांगून टाकतो. चिमटा कामाचा. हातमोजे टाकाऊ. पिशव्या कचऱ्यात भर घालणाऱ्या. जॅकेट फोटोपुरतं. खरं उपयोगी सामान खोक्यात नसतंच, ते बेळगावच्या बाजारात मिळतं.

चिमटा ॲल्युमिनियमच्या नळीचा आणि ८० सेंटिमीटरच्या आसपास लांब हवा. त्याहून आखूड घेतला तर कंबर वाकतेच. दुमडणारा प्रकार टाळा, बिजागरीत वाळू अडकली की तिथेच खिळखिळा होतो. घेताना खटका दाबून जबड्याची टोकं नीट जुळतात का बघा आणि रबरी टोप्या हाताने ओढून पाहा, सगळ्यात आधी त्याच पडतात. आतली स्प्रिंग आणि तार खाऱ्या पाण्याने गंजते, म्हणून त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून उलटा टांगावा. तेल घालू नका, तेलाला वाळू चिकटते आणि खटका आणखी जड होतो. प्रत्येकाला चिमटा देण्याची गरज नाही. तिघांत एक पुरतो, तोही ज्यांना वाकता येत नाही त्यांना आणि काच, डायपर, सुया उचलणाऱ्यांना. बाटलीची बुचं हाताने दुप्पट वेगाने निघतात.

किटमधले पातळ हातमोजे शिंपल्याची कड लागली की फाटतात. सुती मोजे ओले झाले की जड होतात आणि घाण थेट कातडीपर्यंत पोचते. विणलेला मोजा, तळव्याला नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) लेप आणि पाठ उघडी, असा प्रकार हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. उद्यमबागेत कारखान्यातले कामगार वापरतात तोच. माप पाहून घ्या. शाळेच्या पोरांना मोठे मोजे दिले तर ती अर्ध्या तासात काढून खिशात कोंबतात. आणि कुठलाही हातमोजा इंजेक्शनची सुई किंवा मासेमारीचा गळ अडवत नाही. त्या वस्तू चिमट्यानेच उचलायच्या आणि जाड, झाकणाच्या कॅनमध्ये टाकायच्या. तो कॅन एकाच जबाबदार माणसाच्या हातात राहावा.

आता पिशव्या. काळी पिशवी ओल्या वाळूचं वजन पेलत नाही. तळ सुटतो आणि गोळा केलेलं परत किनाऱ्यावर सांडतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे ५० किलोची विणलेली रिकामी पोती रविवार पेठेतल्या किराणा व्यापाऱ्यांकडे मागितली की मिळतात. पाणी विणीतून झिरपून जातं, पोतं धुऊन पुन्हा वापरता येतं. आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर काढून टाका, नाहीतर पाणी साचून राहतं. खताची पोती नकोत, धुतली तरी शिवणीत पावडर राहते. उन्हात पडलेली जुनी पोतीही नकोत: कडेची एक पट्टी ओढून बघा, ती चुरगळून तुकडे पडले तर ते पोतं किनाऱ्यावर स्वतःच कचरा पेरत जाईल. पोतं अर्धंच भरायचं. पंधरा किलोच्या वर गेलं की मऊ वाळूतून एकट्याला ओढवत नाही, आणि काठोकाठ भरलेलं पोतं बांधायला तोंडच उरत नाही. काचेला पोतं चालत नाही. त्यासाठी रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या, पेंटरकडे मागाव्यात.

सुतळीच्या रंगावरून वर्गवारी केली तर नंतरचा निम्मा ताप वाचतो. एक रंग बाटल्यांना, एक चिप्स-गुटख्याच्या पुड्यांना, एक जाळी आणि दोऱ्यांना. सगळं एकत्र भरून ‘नंतर वेगळं करू’ म्हणणाऱ्या गटाचं ते नंतर कधी येत नाही.

चाळणीकडे फार कमी लोक वळतात, आणि खरी गरज तिचीच आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. थर्माकोलचे मणी आणि कारखान्यात जाणारे प्लास्टिकचे दाणे चिमट्यात येत नाहीत. गवंड्याची प्लास्टरची चाळण फार बारीक, ती लगेच तुंबते. या दाण्यांहून बारीक, पण प्लास्टरच्या चाळणीहून मोठ्या छिद्रांची जाळी दीड फूट बाय दोन फूट लाकडी चौकटीवर ठोकून घ्या. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून मिळते खरी, पण भरल्यावर दोघांनाही हलवायला जड जाते. चाळायची फक्त कोरडी वाळू, म्हणजे भरतीच्या रेषेच्या वरची. ओली वाळू खाली पडतच नाही, नुसता चिखल हलवत बसाल. मर्यादवेलीच्या पट्ट्यात चाळण आणि दाताळं दोन्ही न्यायचं नाही. ती वेल वाळू धरून ठेवते. नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या विणीचा हंगाम असतो, त्या काळात दाताळं गाडीतच राहू द्या.

वजनाला लटकता डिजिटल काटा, ५० किलोचा. तो बांबूला अडकवून दोघांनी धरायचा. पोतं आधी चांगलं झटका, नाहीतर आकडा कचऱ्याचा नसून वाळूचा असतो. ‘इतके क्विंटल गोळा केले’ असल्या बातम्यांत निम्मी वाळूच असणार, असा आमचा दाट संशय आहे. त्यापेक्षा नग मोजून लिहा: बाटल्या किती, बुचं किती, पुड्या किती. जागतिक सफाई मोहिमेची पत्रकं तशीच भरतात.

वेळेसाठी ॲप नसलं तरी पंचांग आहे. तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. बेळगावहून पहाटे निघणाऱ्या गटाला तृतीया-चतुर्थी सगळ्यात सोयीची. जागेनुसार थोडा फरक पडतो, म्हणून बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक एकदा बघून घ्यावं.

हवामान बदलासाठी म्हणून जाताय, तर गाडीचा हिशेबही मांडा. जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर, बस लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तर ६० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे १६० किलो. पंचेचाळीस माणसं असतील तर माणशी साडेतीन किलो. दहा जण तीन मोटारींनी गेले तर माणशी अकरा किलोच्या घरात. बस भरत नसेल तर असोगा किंवा हब्बनहट्टीला मलप्रभेच्या काठावर जा. समुद्रातलं बरंचसं प्लास्टिक नदीनेच जातं. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते, आणि त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पणजीला अरबी समुद्राला मिळते. नदीकाठी सामान थोडं बदलतं. तिथे जुने कपडे, साड्या, देवांच्या तसबिरी निघतात. ओली साडी चिमट्याने हलत नाही, लांब दांड्याची आकडी आणि गुंता कापायला विळा लागतो. तसबिरींची काच आधी बादलीत.

बॅनर कापडाचा रंगवून घ्या. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिक पिशव्यांसोबत फ्लेक्सवरही बंदी आहे, तरी सफाईच्याच फोटोत मागे फ्लेक्स दिसतो! पाण्याच्या बाटल्यांऐवजी माणशी एक लिटर धरून वीस लिटरचे जार आणि स्टीलचे पेले न्या.

गोळा केलेला माल कुठे जाणार, हे निघण्याआधी तिथल्या पंचायतीला फोन करून ठरवा. बाटल्या, पत्रा, काच भंगारवाला घेतो, कोरडं आणि वेगळं असेल तरच. चकचकीत अनेक पदरी पुड्या कुणीच विकत घेत नाही. पंचायतीचा कचरा पुढे सिमेंटच्या भट्टीकडे जात असेल तर त्या तिथे द्याव्यात. जागेवर पेटवून द्यायच्या नाहीत. मासेमारीची जाळी आधी कोळ्यांना दाखवा, दुरुस्त होण्याजोगी असली तर ते ठेवून घेतात.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: हातमोजे, पोती, सुईचा कॅन आणि त्यासोबत एक चिमटा, चाळण, काटा, मग बाकीचे चिमटे. जॅकेट लागतंच कशाला, रस्त्याच्या कडेला काम नसेल तर?