स्ट्रिंग पलीकडे पाठवताना: रनटाइमवर सोपवायची, हाताने न्यायची की सी++/सीएलआय वापरायचं?

सी शार्पमधून सी भाषेतली लायब्ररी वापरताना आकडे फारसा त्रास देत नाहीत. अडतं ते स्ट्रिंगपाशी. डॉटनेटची स्ट्रिंग यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) असते, स्वतःची लांबी सोबत ठेवते आणि नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिला मेमरीत हलवू शकतो. सीला मात्र जागचा न हलणारा पॉइंटर हवा असतो आणि मजकुराच्या शेवटी शून्य. म्हणून मार्ग निवडण्याआधी लायब्ररीचं हेडर उघडा आणि दोन गोष्टी शोधा: पलीकडे एन्कोडिंग कोणतं, आणि मेमरी मोकळी कोण करणार?

रनटाइमवर सोपवणं

डीएलएलइम्पोर्ट वापरून सीचं फंक्शन सी शार्पमध्ये जाहीर करताना पॅरामीटर स्ट्रिंग म्हणून लिहिला की रूपांतर आणि नंतरची साफसफाई रनटाइम, म्हणजे आपला कोड चालवणारा डॉटनेटचा भाग, आपोआप करतो. बहुतेकांना एवढं पुरतं. पण कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी खूण, लिहिला नाही तर सी शार्प 'अन्सी' धरतं. विंडोजवर त्याचा अर्थ सिस्टीमचं कोडपेज (भाषेनुसार ठरलेला अक्षरांचा तक्ता), आणि त्यात सहसा देवनागरी नसते. लिनक्सवर त्याच शब्दाचा अर्थ यूटीएफ-८. मी यात दोन दिवस घालवले आहेत: लिनक्सवर सगळ्या चाचण्या पास, विंडोजवर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कोड दोन्हीकडे अक्षरशः एकच होता!

२०२२ मध्ये डॉटनेट ७ सोबत आलेलं, डीएलएलइम्पोर्टच्या जागी वापरायचं लायब्ररीइम्पोर्ट मला म्हणूनच आवडतं. एन्कोडिंग सांगितलं नाही तर तिथे कोड कंपाइलच होत नाही. रूपांतराचा कोडही कंपाइलच्या वेळीच तयार होतो, त्यामुळे तो वाचता येतो, डीबग करता येतो. त्यात स्ट्रिंगबिल्डर (बदलता येणारा मजकूर) चालत नाही, पण त्याचं दुःख नको. पलीकडच्या फंक्शनने मजकूर भरून द्यायचा असेल तर कॅर किंवा बाइटचा ॲरे द्या. स्ट्रिंगबिल्डरमध्ये नकला जास्त होतात. बफरचं माप मात्र बाइटमध्ये मोजा. 'नमस्कार' या शब्दात युनिकोडची ७ चिन्हं आहेत, पण यूटीएफ-१६ मध्ये ते १४ बाइट होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २१. शेवटच्या शून्याची जागा वेगळी.

एक धोका सहज नजरेतून सुटतो. यूटीएफ-१६ स्ट्रिंग पाठवताना रनटाइम नक्कल न करता मूळ स्ट्रिंगच जागेवर खिळवून तिचा पॉइंटर देऊ शकतो. पलीकडच्या फंक्शनने त्यात लिहिलं तर जी स्ट्रिंग कधी बदलूच नये ती बदलते, आणि त्याचा परिणाम प्रोग्रॅममध्ये भलतीकडेच दिसतो.

मार्शल क्लास, म्हणजे हाताने

लायब्ररी पॉइंटर स्वतःकडे ठेवून घेत असेल आणि कॉल संपल्यावरही वापरत असेल, तर आपोआप मिळालेली मेमरी तोवर गेलेली असते. अशा वेळी डॉटनेटच्या मार्शल क्लासमधली स्ट्रिंगटूकोटास्कमेमयूटीएफ८ सारखी फंक्शनं लागतात, जी आपण सोडेपर्यंत राहणारी मेमरी देतात. मेमरी घ्यायचे मार्ग वेगवेगळे आहेत, त्यांची जोडी मात्र चुकवू नका: कोटास्कमेमने घेतलेली मेमरी फ्रीकोटास्कमेमने, एचग्लोबलची फ्रीएचग्लोबलने, बीएसटीआरची फ्रीबीएसटीआरने. सोडवणारी ओळ फायनली ब्लॉकमध्येच हवी, किंवा त्या पॉइंटरला सांभाळणाऱ्या क्लासच्या डिस्पोजमध्ये.

परत येणाऱ्या स्ट्रिंगसाठीही मी हाच मार्ग घेतो. रिटर्न टाइप स्ट्रिंग लिहिला तर रनटाइम मजकुराची नक्कल करून मूळ मेमरी स्वतः मोकळी करायला जातो. ती लायब्ररीची स्टॅटिक मेमरी असली तर क्रॅश ठरलेला. त्याऐवजी इंटपीटीआर, म्हणजे नुसता पॉइंटर, घ्या, पीटीआरटूस्ट्रिंगयूटीएफ८ ने वाचा आणि मालकी लायब्ररीची असेल तर त्या पॉइंटरला हात लावू नका.

सी++/सीएलआय आणि मार्शल_ॲज

मधला थर आधीच सी++/सीएलआयमध्ये, म्हणजे सी++ आणि डॉटनेट एकत्र वापरू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत, असेल तर याहून सुटसुटीत काही नाही. मार्शल_ॲज या फंक्शनने वाइड स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एसटीडी::डब्ल्यूस्ट्रिंगमध्ये रूपांतर करा. ती स्वतःची मेमरी स्वतः सांभाळते. साध्या एसटीडी::स्ट्रिंगकडे गेलात की पुन्हा कोडपेजचा तोच घोळ. नुसता पॉइंटर हवा असेल तर त्याची मेमरी सांभाळणारा मार्शल_कॉन्टेक्स्ट लागतो, आणि तो संपला की पॉइंटरही संपला. हे सगळं विंडोजपुरतंच, म्हणून नव्या कामासाठी केवळ स्ट्रिंगखातर हा थर मी उभारणार नाही.

आज कोऱ्या फाइलपासून सुरुवात करायची तर मी लायब्ररीइम्पोर्ट आणि यूटीएफ-८ घेईन, विंडोजच्या एपीआयसाठी यूटीएफ-१६, आणि पहिल्या चाचणीत देवनागरी नाव टाकेन.