पासवर्ड शोधत नाही, पुसून टाकते: ‘ऑफलाइन एनटी पासवर्ड अँड रजिस्ट्री एडिटर’

संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे एकच खाते होते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच आठवत नव्हता, तेव्हा मी पेटर नॉर्डाल-हागेन यांची ही मोफत प्रणाली वापरली. विंडोज पुन्हा नव्याने बसवावी न लागता, एकही फाइल न गमावता संगणक उघडला, म्हणून तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

विंडोज पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यापासून तयार केलेला हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड थेट परत मिळत नाही असा सांकेतिक मजकूर) ‘सॅम’ नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि विंडोज चालू असताना ती फाइल कुलूपबंद राहते. म्हणूनच ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून छोटेसे लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी कार्यप्रणाली) सुरू करते आणि विंडोज चालू नसताना सॅममधील निवडलेल्या खात्याचा पासवर्ड रिकामा करते. जुना पासवर्ड काय होता, हे ती सांगू शकत नाही. नवा पासवर्ड विंडोजमध्ये शिरल्यावर आपण ठेवायचा.

पडद्यावर केवळ अक्षरे दिसतात, माउसचा उपयोग नाही. तरीही प्रत्येक प्रश्नाचे संभाव्य उत्तर चौकटी कंसात दिलेले असल्याने बहुतेक ठिकाणी एंटर दाबत पुढे जाता येते. मात्र बदल डिस्कवर लिहायचे का, या शेवटच्या प्रश्नाचे आधीच दिलेले उत्तर ‘नाही’ असे आहे, त्यामुळे तिथेही सवयीने एंटर दाबणाऱ्याचे सारे श्रम वाया जातात. माझ्या मते हा या प्रणालीतला सर्वांत मोठा दोष आहे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे बंद केलेला संगणकही अर्धवट निद्रेत असतो आणि डिस्कवर लिहिता येत नाही, साइन-इनच्या पडद्यावरून ‘रीस्टार्ट’ निवडल्यास ही अडचण टळते.

वापरण्याआधी एक गोष्ट नीट तपासावी. विंडोजच्या ‘ईएफएस’ने कूटबद्ध केलेल्या फाइलींची किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते, पासवर्ड असा बाहेरून पुसला, तर त्या फाइली उघडत नाहीत. ज्याच्याकडे अशा फाइली आहेत, त्याने जुना पासवर्ड आठवण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत सोडू नये. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन होत असेल, तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून त्यांच्या संकेतस्थळावर बदलणे हाच सरळ मार्ग आहे. डिस्कवर बिटलॉकर (संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) असल्यास त्याच्या ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय ही प्रणाली सॅमपर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण संगणक ज्याच्या हाती पडेल त्याला अन्यथा हेच सर्व करता आले असते.

प्रणालीची शेवटची आवृत्ती २०१४ची असल्यामुळे ‘सिक्युअर बूट’ (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) असलेल्या नव्या संगणकावर ती सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे एखाद्या अद्ययावत लाइव्ह लिनक्समधून (संगणकावर न बसवता पेन ड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्समधून) तिचाच ‘सीएचएनटीपीडब्ल्यू’ हा मूळ प्रोग्राम चालवावा; सुरक्षा चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या काली लिनक्ससाठी तो उपलब्ध आहे.