पाहुण्यांचं आधार कार्ड कुठे मागवायचं? व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्राम

गोव्यात मांद्र्याला आमच्या शेजारच्या वहिनी घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात. गेल्या महिन्यात सीझन संपला आणि त्यांना पुण्याच्या एका जुन्या पाहुण्याचा फोन आला. दीड वर्षापूर्वी दोन रात्री राहून गेलेला माणूस. त्याने सरळ विचारलं, माझं आधार कार्ड अजून तुमच्या फोनमध्ये आहे का? वहिनींनी बघितलं, तर होतं. तीन वर्षांत आलेल्या सगळ्यांचंच होतं, चवथीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीच्या, फोटोंच्या मधे मधे. फर्मागुडीला हॉस्टेलात राहणाऱ्या मुलाच्या टॅबवरही तेच फोटो उतरले होते, कारण गुगलचं खातं मायलेकांचं एकच.

संध्याकाळी त्या आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. "बायो, हे व्हॉट्सॲप काढूनच टाकू काय गो? सिग्नल घेऊ की टेलिग्राम?"

मी तिन्ही वापरते. वहिनींना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण पेडण्यापासून काणकोणापर्यंत खोल्या देणाऱ्या कितीतरी घरांपुढे हाच प्रश्न आहे.

लोक आधी विचारतात की आपला मजकूर कंपनी वाचते का. याबाबत गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळे संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने बंद आहेत. म्हणजे किल्ली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच असते, मधल्या कंपनीकडे नसते. हे कुलूप मुळात सिग्नलच्या लोकांनी घडवलेलं. त्यामुळे निव्वळ मजकुरापुरतं बघितलं तर दोघांत मोठा फरक नाही.

टेलिग्रामचं मात्र उलट आहे. नाव गुपिताचं झालंय, पण तिथलं साधं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर अशा रूपात राहतं की कंपनीला ते उघडता येतं. खरं कुलूप फक्त 'सीक्रेट चॅट'ला. ते प्रत्येक माणसाबरोबर आपण वेगळं सुरू करायचं, आणि ग्रुपला ती सोयच नाही. मोरजी-हरमलच्या पट्ट्यातले रशियन पाहुणे टेलिग्रामच मागतात, हे मला ठाऊक आहे. खोली कधी रिकामी, स्कूटर मिळेल का, मोपा विमानतळावरून टॅक्सीला किती पडतात, एवढं बोलायला ते खुशाल ठेवावं. पासपोर्टचा फोटो तिथे मागवू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थापक पावेल दुरोव्ह यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने नियम बदलले: कायदेशीर मागणी आली तर वापरणाऱ्याचा फोन नंबर आणि आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिला जाईल. कायद्याला सहकार्य करणं गैर नाही. पण 'टेलिग्राम म्हणजे गुप्त' या समजुतीवर कुणी दुसऱ्याची कागदपत्रं सोपवू नयेत.

राहिले दोन. ते वेगळे होतात ते वहीमुळे, म्हणजे आपल्याबद्दल ठेवलेल्या नोंदींमुळे, आणि वहीचं मला जरा सविस्तर सांगायचंय.

आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. तो आमची पत्रं वाचत नाही, घरातलं बोलणं ऐकत नाही. पण चारऐवजी बारा उंडे (गोल पाव) घेतले की घरी माणसं आलीत, पिशवी आठ दिवस दारावर लागली नाही की घर बंद आहे, उंडे थांबून कोंड्याची पोई सुरू झाली की कुणाची तरी साखर निघाली, एवढं त्याला न विचारता कळतं. पोदेर गावचा आहे, त्याला कळलेलं गावातच राहतं. आता अशी कंपनी डोळ्यांपुढे आणा जी प्रत्येक दारावर रोज जाते, सगळं टिपून ठेवते, आणि जिची कमाईच जाहिरातींवर चालते. आपण कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललो, कोणत्या फोनवरून, आपल्या यादीत कोणाकोणाचे नंबर आहेत, हे कळायला मजकूर वाचायची गरज पडत नाही.

व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने घ्यायचं ठरवलं, तेव्हा सौदा १९ अब्ज डॉलरचा जाहीर झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये खात्याची माहिती फेसबुककडे जायला सुरुवात झाली. त्या वेळी निदान काही दिवस नको म्हणायची मुभा होती. जानेवारी २०२१ च्या अटींमध्ये तीही गेली, मान्य करा किंवा सोडा. याच अटींसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली. मला यात चीड आणणारी गोष्ट एकच: ज्या सेवेशिवाय गावातली ग्रामसभा कळत नाही, तिने 'पटत नसेल तर सोडा' म्हणणं म्हणजे विचारणं नव्हेच.

सिग्नलकडे ही वही जवळजवळ कोरी आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत एका चौकशीत त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. त्यांनी दोनच गोष्टी दिल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. देण्यासारखं दुसरं काही त्यांनी जमवलंच नव्हतं. माझा सिग्नलवर विश्वास बसला तो या प्रसंगामुळे. आश्वासन कुणीही देतं, इथे कोर्टापुढे पेटी उघडून दाखवावी लागली. ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, देणग्यांवर चालणारी संस्था आहे. व्हॉट्सॲपचे एक जनक ब्रायन ॲक्टन यांनी फेसबुक सोडल्यावर २०१८ मध्ये याच संस्थेत ५ कोटी डॉलर घातले. खातं उघडायला फोन नंबर लागतो, पण २०२४ पासून तो समोरच्यापासून लपवून नुसत्या युजरनेमवर बोलता येतं. खोल्या देणाऱ्या बायकांना याचा मोठा उपयोग आहे. पाहुणा गेला की त्याच्याकडे आपला खासगी नंबर उरत नाही.

आता सिग्नलच्या अडचणी. पहिली म्हणजे तिथे आपली माणसं नाहीत. भजनी मंडळ, शाळेचा वर्ग, वाड्यावरची वीज गेल्याची ओरड, सगळं व्हॉट्सॲपवर. दुसरी अडचण फोन गेला तर. दादांचा फोन गेल्या पावसात खाडीत पडला होता. सिग्नलवर बॅकअप आपण सुरू केलेला नसेल तर जुनं बोलणं कायमचं जातं. २०२५ पासून त्यांनी स्वतःचा बंद बॅकअप द्यायला घेतलाय. मजकूर आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो फुकट, त्यापुढे पैसे. त्याची ६४ अक्षरी किल्ली मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवायची. ती हरवली तर सिग्नलवालेही उघडून देऊ शकत नाहीत.

व्हॉट्सॲपवरही बॅकअपचीच बाजू कच्ची असते. संदेश कुलपात, पण त्यांची जी प्रत गुगल ड्राइव्हवर जाते तिला आपण पासवर्ड लावला नसेल तर ती त्या कुलपाबाहेर राहते. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' आहे, ते चालू करावं. सेटिंगमध्येच चॅट्सखाली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की आलेले फोटो गॅलरीत उतरत नाहीत. वहिनींच्या घोटाळ्याचं मूळ हेच होतं, ॲप बदलण्याशी त्याचा संबंध नव्हता. सिग्नलवर फोटो आपण जपून ठेवल्याशिवाय गॅलरीत जात नाही, एवढं तिथलं बरं. आणि व्हॉट्सॲपमधलं ते मेटा एआयचं वर्तुळ: त्याला जे विचाराल ते मेटाला कळतं, आणि १६ डिसेंबर २०२५ पासून मेटाच्या एआयशी झालेलं बोलणं जाहिराती ठरवायला वापरलं जाऊ शकतं. पाहुण्याची कागदपत्रं त्याला कधीच दाखवू नयेत.

माणसं न हलवता काय हलवायचं, एवढंच मग ठरवायचं उरतं. गावचं सगळं व्हॉट्सॲपवर राहू दे, बॅकअपला पासवर्ड लावून. घरातलं बोलणं, म्हणजे पैसे, आजारपण, मुलांचं, ते सिग्नलवर, कारण घरातल्या चार-पाच माणसांना तिथे आणणं हातात असतं. तिथे संदेश आपोआप पुसण्याची मुदत चार आठवडे ठेवावी. व्हॉट्सॲपवर ही मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस मिळते.

पाहुण्यांच्या कागदांना माझ्या मते तिन्हींपैकी एकही जागा नको. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावाच लागतो, पण त्यासाठी पासपोर्ट तो आल्यावर हातात घेऊन बघता येतो. प्रत लागलीच तर झेरॉक्स, फायलीत, कपाटात. बुकिंगच्या वेळी ओळख हवीच असेल तर मास्क्ड आधार मागावं. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. घरगुती वापराला त्यातून सूट आहे, पण भाड्याच्या खोल्या हा धंदा झाला. काम संपलं की माहिती पुसायची, ही अपेक्षा आपल्याकडूनही असणार.

वहिनींनी पाहुण्यांना पाठवायचा संदेश बदलला: "आधारचा फोटो पाठवू नका, येताना कार्ड बरोबर आणा." सिग्नल त्यांच्या, दादांच्या, मुलाच्या आणि सावंतवाडीच्या बहिणीच्या फोनवर चढलं. मग सोप्यावर बसून आम्ही जुने फोटो काढायला घेतले, माटोळ्या ठेवून आधार कार्डं निवडत. गुगल फोटोजच्या कचरापेटीत पुसलेले फोटो ६० दिवस राहतात, म्हणून तीही रिकामी केली. पुण्याच्या त्या पाहुण्याला वहिनींनी फोन करून तसं कळवलं. मुलाच्या टॅबवर त्याचं स्वतःचं खातं घालायचं राहिलंय, ते चवथीला तो घरी येईल तेव्हा.