संप्रेरकं बिघडवणाऱ्या रसायनांचा शिकवणी संच: कुलपं उत्तम, कार्डं तपासून घ्या

या संचाचे पैसे वसूल होतात ते पुठ्ठ्याच्या दोन कुलपांवर. एक इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीत ते जिथे बसतं त्या जागेचं; दुसरं अँड्रोजेन या पुरुष-संप्रेरकाच्या. इस्ट्राडायोल या शरीरातल्याच इस्ट्रोजेनची किल्ली पहिल्यात चपखल बसते आणि फिरते. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए (बीपीए) ढिलं बसतं, तरी थोडं फिरतं. डीडीटी या कीटकनाशकापासून शरीरात तयार होणारं डीडीई दुसऱ्या कुलपात नुसतं अडकतं आणि खऱ्या किल्लीला जागाच देत नाही. नक्कल वेगळी, अडवणूक वेगळी, हे मुलांच्या हातालाच कळतं. एक मात्र तोंडी सांगावं लागतं: सगळीच रसायनं कुलपापाशी जात नाहीत. परक्लोरेट हे रसायन थायरॉईड ग्रंथीत आयोडीन शिरू देत नाही, म्हणजे किल्ली, अर्थात थायरॉईडचं संप्रेरक, घडायलाच अडचण.

कार्डं मात्र तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नयेत. पेट प्लास्टिकच्या बाटलीचं कार्ड म्हणतं, नावातच फ्थॅलेट हे संप्रेरकं बिघडवणारं रसायन आहे. साफ चूक. पेटमधलं टेरेफ्थॅलेट हा प्लास्टिकच्या रेणूसाखळीचाच दुवा असतो. पीव्हीसी मऊ करायला मिसळतात ते ऑर्थो-फ्थॅलेट साखळीला जोडलेले नसतात, म्हणून झिरपतात. प्लास्टिकच्या वस्तूवरच्या त्रिकोणातला ७ म्हणजे बिस्फेनॉल, हेही अर्धवट. ७ म्हणजे ‘इतर’. त्यात बिस्फेनॉल ए-पासून बनणारं पॉलिकार्बोनेट येतं तसं बिस्फेनॉल नसलेलं पीएलए हे प्लास्टिकही येतं. ‘बीपीए-फ्री’समोरची हिरवी खूण तर खोडूनच टाकावी: बदली म्हणून येणारं बिस्फेनॉल एस त्याच कुलपात बसतं.

थर्मल पावतीच्या (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या, बहुधा बिस्फेनॉल असलेल्या कागदाच्या) पट्टीवर नाणं घासलं की काळी रेघ उमटते आणि वर्गात ‘सापडलं!’ असा गलका होतो. रेघेवरून कागद थर्मल आहे एवढंच ठरतं, त्यात कोणतं बिस्फेनॉल आहे किंवा आहे की नाही, ते नाही. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या हाती पट्ट्या देऊ नयेत; बिस्फेनॉल त्वचेतून जास्त आत जातं.

मात्रेचं पान सर्वांत कसदार, आणि संच नेमकं तेच दहा मिनिटांत उरकायला सांगतो. बिस्फेनॉल ए-ची रोजची सुसह्य मात्रा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम धरली होती. २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. एकक न बदलता भागाकार केला की उत्तर २० पट येतं. खरं उत्तर २०,०००. त्याच वर्षी जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०० नॅनोग्रॅम सुचवले. युरोपीय प्राधिकरणाने रोगप्रतिकारक पेशींवरचा परिणाम पाया धरला, जर्मन संस्थेने शुक्राणूंवरचा. या हजारपट फरकावर बोलायला एक अख्खा तास राखून ठेवावा.