दोन टीबीच्या डिस्कमध्ये निघालेले ६४ जीबी

प्रचंड साठवणक्षमता छापलेल्या स्वस्त एसएसडी (फ्लॅश चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क) आणि पेन ड्राइव्ह विकून जी फसवणूक चालते, तिच्यात आपला स्वतःचा संगणकच फसवणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि म्हणून शिकलेली, सावध माणसेही तिला बळी पडतात. अमळनेरला राहणारे माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, अशाच एका डिस्कमुळे फसले. डिस्कची किंमत १,२९९ रुपये होती, म्हणजे पैसे फार गेले नाहीत. पण पैशांबरोबर जे गेले ते पुन्हा कुठे विकत मिळणारे नाही, यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नाना निवृत्त शिक्षक आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ती गाणी, खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणातली गाणी आणि जात्यावरच्या ओव्या त्यांनी बोरी आणि तापीकाठच्या गावांत फिरून वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांत ज्या आज्यांचे आणि मावश्यांचे आवाज होते, त्यांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत. हा सगळा संग्रह, घरातल्या लग्नांच्या व्हिडिओंसह, सुमारे ३०० जीबी भरत होता आणि तो लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉप नातवाला कॉलेजसाठी द्यायचे ठरले, तेव्हा संग्रह सुरक्षित राहावा म्हणून नानांनी समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीतून २ टीबीची, म्हणजे सुमारे २,००० जीबीची, ‘पोर्टेबल एसएसडी’ मागवली. पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायचे होते, त्यामुळे व्यवहारात धोका आहे असे कोणालाही वाटले नाही. मात्र पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू दिले जात नाही, आणि उघडल्यावर आत डिस्क निघाली तरी तिची क्षमता दारात उभे राहून कळत नाही, हे या पद्धतीत गृहीत धरलेलेच असते.

किंमत ऐकून मी फोनवर शंका काढली, तेव्हा नाना म्हणाले, “कॉम्प्युटरच सांगी ऱ्हायना भो, मंग खोटं कसं व्हई?” म्हणजे, संगणकच सांगतो आहे, मग खोटे कसे असेल? हा प्रश्न अगदी रास्त होता. विंडोजमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या की १.९५ टीबी असा आकडा दिसत होता. ३०० जीबीची नक्कल कोणतीही तक्रार न येता पूर्ण झाली होती. फोल्डर दिसत होते, फायलींची नावे दिसत होती, त्यांचे आकारही बरोबर होते. सुरुवातीच्या दोन-चार फायली उघडून पाहिल्या तर त्या नीट चालल्या. त्यानंतर लॅपटॉप फॉरमॅट करून त्यावर विंडोज नव्याने बसवण्यात आले. पुढे एका अभ्यासकाने आखाजीची काही गाणी मागितली, तेव्हा त्यांतली एकही फाइल उघडेना.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण एकदा ते समजले की बाकीची सावधगिरी आपोआप सुचते. पेन ड्राइव्ह असो वा एसएसडी, तिच्यात माहिती साठवणारी फ्लॅश चिप असते आणि त्या चिपचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. डिस्क केवढी आहे हे संगणक स्वतः मोजत नाही. तो कंट्रोलरला विचारतो आणि कंट्रोलर जो आकडा सांगेल तो खरा मानतो. कंट्रोलरमधला हा आकडा कारखान्यात ज्या सॉफ्टवेअरने भरला जातो, तसल्याच सॉफ्टवेअरने फसवणारे लोक तो बदलतात. नानांच्या डिस्कचे कवच उघडले तेव्हा आत एका छोट्या पट्टीवर ६४ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड खोवलेले होते आणि हाताला वजन जाणवावे म्हणून धातूचा एक तुकडा चिकटवलेला होता. खऱ्या जागेपलीकडे लिहायची वेळ आली की असा कंट्रोलर आलेली माहिती गुपचूप टाकून देतो आणि संगणकाला मात्र ‘लिहिले’ असे कळवतो. काही बनावट डिस्क याहून वाईट वागतात, त्या पुन्हा पहिल्या जागेपासून लिहू लागतात आणि आधीच्या चांगल्या फायलीही पुसल्या जातात. फायलींची नावे आणि आकार यांची नोंद डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते आणि तो भाग खरा असतो; म्हणूनच अनुक्रमणिका शाबूत दिसते आणि मजकूर नसतो.

नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश हाही पुरावा नव्हे, कारण विंडोज नक्कल केल्यावर लिहिलेली माहिती परत वाचून मूळ फायलीशी ताडून पाहत नाही. नुकतीच नक्कल केलेली फाइल लगेच उघडली तर ती काही वेळा संगणकाच्या मेमरीत शिल्लक राहिलेल्या प्रतीतूनच उघडते, डिस्कला विचारलेही जात नाही. नानांच्या बाबतीत पहिले सुमारे ६० जीबी प्रामाणिकपणे साठले होते. त्यांत लग्नांचे व्हिडिओ आले, आणि नंतर नक्कल झालेली गाणी कुठेच लिहिली गेली नाहीत.

१.९५ टीबी हा आकडाही खरे तर संशय घेण्याजोगा होता. उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असा दशमान हिशेब धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे खरी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते आणि २ टीबीची सुमारे १.८१ टीबी. दुकानदाराने कमी माल दिला असे वाटून अनेक जण या फरकाबद्दल उगाच तक्रार करतात, वास्तविक तो फरक असणे हेच योग्य आहे. अर्थात सफाईदार लबाड १.८१ सुद्धा भरू शकतो, तेव्हा केवळ या आकड्यावर विसंबू नये.

खात्रीचा उपाय एकच आहे: डिस्क पूर्ण भरायची आणि भरलेले सगळे परत वाचून ताडायचे. त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे ‘सीटी’ या जर्मन संगणकविषयक नियतकालिकाशी संबंधित हाराल्ड ब्योगेहोल्ट्स यांनी विंडोजसाठी लिहिलेले जुने, छोटे आणि विश्वासार्ह साधन आहे. ते रिकाम्या जागेत एक-एक जीबीच्या फायली लिहिते, मग त्या वाचते आणि किती माहिती जशीच्या तशी परत आली व किती हरवली ते सांगते. लिनक्स आणि मॅकवर हेच काम ‘एफथ्री’ करते. वेळ मात्र भरपूर लागतो. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने २ टीबी नुसते लिहायलाच जवळपास २८ तास जातात आणि वाचण्याचे तास वेगळे. घाई असेल तर गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनचे २०२३ मध्ये आलेले ‘व्हॅलिड्राइव्ह’ वापरावे. ते यूएसबी डिस्कवर सारख्या अंतराच्या ५७६ ठिकाणी लिहून-वाचून पाहते आणि कोणती जागा खरी (हिरवी) आणि कोणती खोटी (लाल) याचा नकाशा काही मिनिटांत दाखवते. कोणतेही साधन वापरा, पण डिस्क रिकामी असताना, म्हणजे तिच्यावर आपले काहीही ठेवण्याआधी. नानांच्या डिस्कवर ही चाचणी केली तेव्हा नकाशाचा अगदी कोपराच हिरवा होता आणि उरलेला सारा लाल.

गाणी परत मिळवण्यासाठी ‘फोटोरेक’ या मोफत सॉफ्टवेअरने प्रयत्न केला. ते पुसलेल्या फायली बऱ्याचदा शोधून देते, पण बनावट डिस्कवर जे कधी लिहिलेच गेले नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. लॅपटॉपमध्येही एसएसडी होती, आणि एसएसडीवर ट्रिम नावाच्या आज्ञेमुळे मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते. फॉरमॅट होऊन नवे विंडोज बसलेल्या त्या लॅपटॉपमधून हाती काही लागले नाही. काही गाणी नातेवाइकांच्या फोनमध्ये सापडली, तेवढी नव्याने गोळा केली आहेत.

विक्रेत्याचा क्रमांक बंद लागतो आणि खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता नाही. वेष्टित मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किंमत आणि ग्राहक संपर्क छापणे वैधमापन (वजन-मापांविषयीच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नसणे ही खोके हातात येताच दिसणारी खूण होय. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे एक मोठी सोय झाली आहे: विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, तक्रारदार स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे अमळनेरच्या माणसाला जळगाव पुरते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार शुल्कही नाही. त्यासाठी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, खोके, कुरिअरची चिठ्ठी, पैसे दिल्याचा पुरावा आणि चाचणीच्या निकालाचे चित्र जपून ठेवावे. जाहिरात नंतर नाहीशी होते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट मागवतानाच घ्यावा.

अशा मालाखाली दिसणाऱ्या पाच-पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांवरही विसंबून राहू नये. त्यांतले काही विकत घेतलेले असतील, पण बरेच प्रामाणिकही असतात; ज्याने २ टीबीच्या डिस्कवर १० जीबी ठेवले त्याला ती उत्तमच वाटणार. उपयोगी अभिप्राय शोधायचे तर कमी ताऱ्यांचे आणि काही महिन्यांनंतर लिहिलेले वाचावेत.

आता लग्नसराईत धुळे-जळगावकडे फोटो स्टुडिओवाले सगळे शूटिंग पेन ड्राइव्हवर देतात. स्टुडिओवाला स्वतः प्रामाणिक असला तरी त्याने घाऊक बाजारातून आणलेली पेन ड्राइव्ह बनावट असू शकते, आणि तेही त्याला माहीत नसते. म्हणून ती घरच्या संगणकाला लावून प्रत्येक फोल्डरमधले, विशेषतः शेवटच्या फोल्डरमधले, व्हिडिओ मधूनमधून चालवून पाहावेत, सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि एवढे होईपर्यंत मूळ शूटिंग पुसू नये असे स्टुडिओवाल्याला पैसे चुकते करण्याआधी स्पष्ट सांगावे.